अ‍ॅम्बेसिडर मार्क टू: ३ नंबरचा कनेक्टिंग रॉड वाकलाय, बाकीच्या तिघांचं काय करू?

सांगलीची_मार्कटू:

नमस्कार मंडळी. आमची १९७१ ची मार्क टू आहे, पेट्रोल, १४८९ सीसी, आजोबांनी घेतलेली. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गाडी दारातच उभी होती आणि कृष्णेचं पाणी सीटच्या वरपर्यंत आलं होतं. पाणी उतरल्यावर चार दिवसांनी माझ्या चुलतभावाला सुचलं की बॅटरी तर गेलीच आहे मग ट्रॅक्टरला दोर बांधून ओढू, सेकंड गिअरमध्ये क्लच सोडला, एकदा ठक्क असा आवाज आला आणि मागची चाकं घासत गेली. प्लग काढून बघायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. त्यानंतर गाडी ताडपत्रीखाली गेली ती आत्तापर्यंत.

आता मी इंजिन खोललंय. हेड काढल्यावर पहिल्यांदा एवढंच दिसलं की बाकी तीन पिस्टन टॉपला आल्यावर एकाच उंचीला येतात आणि ३ नंबरचा खालीच राहतो, व्हर्नियरनं मोजलं तर ०.६५ मिमी खाली, म्हणजे साधारण २६ थाऊ (इंचाचे हजारावे भाग).  त्याचा रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, बाहेर काढून टेबलच्या काचेवर ठेवला तर नुसत्या डोळ्यांनी वाक कळतोय.

दुसरी गंमत २ नंबरची. रॉडच्या खालच्या टोकाची (बिग एंडची) कॅप खोलली तर बेअरिंगच्या शेलमागे, म्हणजे अर्धगोल पातळ पत्र्यामागे, सिगारेटच्या पाकिटातली चांदी निघाली, घडी घालून बसवलेली, आणि कॅपच्या तोंडावर कानशीचे ओरखडे. हे बहुतेक नव्वदच्या सुमारास वडिलांनी काम करून घेतलं तेव्हाचं असणार. क्रँक आत्ता १० अंडरसाईझ आहे, म्हणजे घासून १० थाऊ बारीक केलेली, ग्राइंडिंगवाला म्हणतो २० ला जाईल.

मशीन शॉपमध्ये चारही रॉड नेले तर ते म्हणाले ठेवून जा, तीन नंबर प्रेसवर सरळ करतो, बाकीच्यांच्या कॅपा जरा घासून टाईट करतो, संध्याकाळी घेऊन जा. मी न ठेवता परत घेऊन आलो. संध्याकाळी घेऊन जा हे ऐकूनच भीती वाटली.

तर प्रश्न असा की रॉड रिकंडिशन करणं म्हणजे नक्की काय काय करायचं असतं, आणि २ नंबरचा तो घासलेला रॉड वाचतो का? रॉड तिरका कापलेला आहे, बिग एंडचा जोड सरळ आडवा नाही, आणि वर पिस्टन पिनला बुश नाही, बोल्टनं आवळलेली आहे. इथे कुणी असले रॉड केले असतील तर सांगा.

---

रात्रपाळी_पुणे:

एवढा विचार कशाला करताय. चारही रॉड भंगारात टाका, नवा सेट बघा. पन्नास वर्षांचं लोखंड आहे. रॉड तुटला तर ब्लॉकला खिडकी पडते आणि मग ब्लॉक कुठून आणणार?

---

सांगलीची_मार्कटू:

नवा सेट कुठे मिळतो ते पण सांगा ना दादा, मी दोन महिने शोधतोय 🙂

---

उद्यमनगरचा_लेथवाला:

मी कोल्हापूरला उद्यमनगरात बत्तीस वर्षं मशीनवर काढली, आधी ऑइल इंजिनाची कामं, नंतर ट्रक आणि जीपची. आता घरी आहे म्हणून टाईप करायला वेळ आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे ३ नंबरचा नाद सोड भावा. २६ थाऊ पिस्टन खाली बसतोय म्हणजे रॉड नुसता कलला नाही, चांगला धनुष्यासारखा झालाय. सिलिंडरमध्ये पाणी होतं, पाणी दाबलं जात नाही, पुढून ट्रॅक्टर ओढतोय, मग त्या दोघांच्या मधे जे मऊ ते वाकणार. तो रॉड प्रेसखाली सरळ दिसेल पण आत कुठे काय ताणलंय ते तुला कळणार नाही मला पण नाही.

आता तुझा खरा प्रश्न, रिकंडिशन म्हणजे काय. लोकांना वाटतं की रॉड धुतला, पॉलिश केला, चकचकीत झाला की झालं. रॉडचं बिग एंड जे असतं ते गोल भोक असतं आणि ते कायम गोल राहत नाही. एक्झॉस्टच्या शेवटी पिस्टन वर जाऊन थांबतो तेव्हा त्याच्या डोक्यावर गॅसचा दाब नसतो, पिस्टनचं सगळं वजन रॉडला वर ओढतं, कॅपला झटका बसतो. हे मिनिटाला हजार दोन हजार वेळा, वर्षानुवर्षं. मग भोक रॉडच्या लांबीत ताणलं जातं आणि बाजूनं आवळतं, अंड्यासारखं होतं. त्या अंड्यात तू नवीन शेल घातलास की शेल पण अंड्यासारखा बसणार, शेल पातळ पत्रा आहे, त्याला स्वतःचा आकार नसतो, ज्या घरात बसवशील तसा तो होतो.

मग करतात काय, तर कॅपच्या तोंडावरून एखाद दोन थाऊ ग्राइंडरवर काढतात, लागलं तर रॉडच्या तोंडावरून पण, म्हणजे भोक मुद्दाम लहान करतात. मग नवीन बोल्ट, पूर्ण टॉर्क, आणि होनिंग मशीनवर, म्हणजे आतून बारीक घासणाऱ्या मशीनवर, ते भोक परत मूळ मापाला गोल आणतात. एवढंच आहे. यात रॉडची लांबी एखाद थाऊनं कमी होते त्यानं काही बिघडत नाही. तेच तेच चार वेळा केलं तर बिघडतं.

म्हणजे आता बघ, तुझ्या २ नंबरला कुणीतरी जे केलंय ते याच कामाची पहिली पायरी आहे. कॅप घासली, भोक लहान झालं, आणि तिथंच थांबला. होन केलंच नाही. त्यामुळे एका दिशेला घट्ट आणि जोडापाशी ढिलं. आणि वरून कानशीनं घासलेलं तोंड कधी सपाट नसतं, कडेला उतरतंच, कितीही मोठा मिस्त्री असू दे. तेव्हा तो रॉड मेला असं मी म्हणणार नाही. किती घासलंय ते मोज. तीन-चार थाऊपर्यंत असेल तर कॅपचं तोंड ग्राइंडरवर नुसतं चाटून सपाट करता येईल आणि मग होन. दहा-बारा थाऊ खाल्लं असेल तर सोड.

मशीन शॉपवाल्यांना शिव्या नको देऊ, त्यांच्याकडे दिवसाला जी गिऱ्हाईकं येतात त्यांना तेच पाहिजे असतं, गाडी उद्या मंडईत उभी करायची असते. पण तू दुसरं दुकान बघ. दुकानात गेल्यावर एकच विचार, "रॉडचं होनिंग कशावर करता?" हातातलं ड्रिल दाखवलं तर चहा पिऊन परत ये.

मोजताना हे लक्षात ठेव: शेल काढून टाक, कॅप बसव, बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळ, मग आतून बोअर डायल गेजनं माप. ढिल्या कॅपचं माप म्हणजे माप नव्हे. एक माप रॉडच्या लांबीत, एक काटकोनात, आणि एक जोडाच्या जरा अलीकडे. तुझा रॉड तिरका कापलाय त्यामुळे जोड आणि लांबी यांचा काटकोन नाही, म्हणून तीन मापं. सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान यांत अर्धा थाऊ फरक असेल तर हात लावायचं कारण नाही.

आणि ती चांदी. शेल कॅपमधून जोडाच्या वर अगदी किंचित डोकावतो, एखाद थाऊ. कॅप आवळली की ते दोन्ही शेल एकमेकांना दाबून मागच्या लोखंडाला घट्ट चिकटतात. तेवढ्यानंच शेल फिरत नाही आणि त्याची गरमी रॉडमध्ये जाते. मागं चांदी घातली की शेल लोखंडाला नीट टेकत नाही. तुझ्या २ नंबरच्या शेलची पाठ काळी पडली असेल, बघ.

---

सांगलीची_मार्कटू:

काका, पाठ काळीच आहे! आत्ता जाऊन बघितली. एका बाजूला तर चांदीच्या घडीचा ठसा उमटलाय. वडिलांना विचारलं तर म्हणाले की तेव्हा रॉड वाजायला लागला होता आणि मिस्त्रीनं अर्ध्या तासात आवाज बंद करून दिला, म्हणून खूष होऊन त्याला वरती दहा रुपये जास्त दिले होते.

---

बर्मिंगहॅमहून_जोशी:

मी मूळचा साताऱ्याचा, इकडे येऊन अठरा वर्षं झाली. तुमचं इंजिन म्हणजे बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी सिरीज, ते ज्या लाँगब्रिजला जन्मलं तिथून मी वीस मिनिटांवर राहतो. १९५५ ते १९५९ ची एमजीए या स्पोर्ट्स गाडीत हेच १४८९ सीसीचं इंजिन होतं, त्यामुळे इकडे लोक अजून ही इंजिनं बांधत असतात आणि मॅन्युअल, बेअरिंगं, लॉक वॉशर सगळं मिळतं. फक्त एक सावधगिरी, तुमची क्रँक आधी मायक्रोमीटरनं मोजा मगच काही मागवा, नुसतं गाडीचं नाव सांगून नको. स्टँडर्ड बिग एंड जर्नल (क्रँकचा रॉड बसतो तो भाग) १.८७५९ ते १.८७६४ इंच असतं, २० अंडर म्हणजे त्यातून २० थाऊ वजा.

तुम्ही लिहिलंय तो तिरका जोड का, तर या इंजिनात पिस्टन आणि रॉड वरून काढायचे असतात, बोअर ७३ मिमीचा, सरळ कापलेलं बिग एंड त्यातून गेलं नसतं. नेटवर फोटो बघून गोंधळू नका, नंतरच्या १८०० सीसीच्या एमजीबीला पुढेपुढे सरळ कापलेले नटवाले रॉड आले, ते वेगळे.

मॅन्युअलमधल्या आणि माझ्या स्वतःच्या चुकांमधल्या काही गोष्टी सांगतो:

बिग एंडचे बोल्ट ३५ फूट-पाउंड, म्हणजे तुमच्याकडच्या रेंचवर ४.८ किलोग्रॅम-मीटर. पिस्टन पिनचा आवळायचा बोल्ट २५ फूट-पाउंड. बोल्टखालच्या वाकवायच्या लॉक पट्ट्या दरवेळी नव्या. आणि आटे यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे, आहेत, हार्डवेअरच्या दुकानातला जवळपास बसणारा मेट्रिक बोल्ट कृपया घालू नका, तो दोन फेरे छान जातो आणि मग रॉडचे आटे खातो.

रॉडचं बिग एंड मधोमध नसतं, एका बाजूला सरकवलेलं असतं. १ आणि ३ चे रॉड एका प्रकारचे, २ आणि ४ चे दुसऱ्या. तेव्हा ३ नंबरला दुसरा रॉड शोधताना १ किंवा ३ चाच हवा. खोलताना फोटो काढले असतील अशी आशा करतो.

रॉडमध्ये एक बारीक भोक असतं, त्यातून बोअरच्या भिंतीवर तेल उडतं. तुमच्याकडे पुराचा गाळ आत गेलाय, ते भोक तारेनं साफ करा आणि शेलचं भोक त्याच्यासमोर येतंय ना बघा. क्रँकच्या आतली तेलाची भोकंही तितकीच महत्त्वाची, रॉकेल, बारीक ब्रश आणि हवा, तीन-तीनदा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. पिन आवळताना किंवा ढिली करताना रॉड व्हाइसमध्ये धरायचा नाही. पिन पोकळ असते, तिच्या दोन्ही टोकांना पितळी प्लग घालून ते प्लग व्हाइसमध्ये धरायचे आणि मग बोल्ट फिरवायचा. रॉड धरून पान्ह्याला जोर लावला की रॉड पिळला जातो. दिसत नाही, पण होतो. मी माझ्या पहिल्या इंजिनाचे दोन रॉड असे स्वतःच्या हातानं पिळलेत आणि मग तीन आठवडे विचार करत बसलो की पिस्टन तिरका का घासतोय.

---

सांगलीची_मार्कटू:

जोशी साहेब, शेवटचा मुद्दा वाचून पोटात गोळा आला, कारण पिस्टन सोडवताना मी रॉडच व्हाइसमध्ये धरला होता. चारही 🙁 लाकडाच्या फळ्या लावल्या होत्या एवढंच.

---

उद्यमनगरचा_लेथवाला:

फळ्यांनी रॉडवर ओरखडा येत नाही इतकंच. पिळ तपासून घे. घरी करता येतं. बिग एंडमध्ये आणि पिनच्या भोकात घट्ट बसणाऱ्या दोन सरळ शाफ्ट घाल, पिन स्वतःच एक चालेल पण आखूड पडते, लांब असेल तर बरं. खालची शाफ्ट दोन व्ही ब्लॉकवर ठेव, सरफेस प्लेट (अगदी सपाट पाट) नसेल तर जाड ग्रॅनाइटचा तुकडा, किचन ओट्याचा उरलेला पण चालतो मी बघितलंय. वरच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना डायल गेज फिरव. रॉड उभा धरून जो फरक येतो तो वाक, आडवा टेकवून जो येतो तो पिळ. सहा इंचाला एक थाऊपर्यंत ठीक. त्याच्यावर असेल तर लिही.

पिस्टनची पाठ पण बघ, स्कर्टवर (रिंगांखालच्या भागावर) एका बाजूला वरती घासलंय आणि उलट्या बाजूला खालती, असं तिरपं दिसलं तर तो पिळ तुझ्या आधीचा, इंजिन चालू असतानाचा. तुझ्यावर नाव येणार नाही.

---

रात्रपाळी_पुणे:

मी परत सांगतो, एवढी मापं घेण्यापेक्षा एक चालू इंजिन बघा कुठे पडलेलं. आमच्या ओळखीच्यानं मागच्या वर्षी अख्खं इंजिन उचललं भंगारातून, त्यातलेच रॉड टाकले, मस्त पळतेय गाडी.

---

बर्मिंगहॅमहून_जोशी:

भंगारातून आणणं चूक नाही, पण त्या रॉडनाही हीच सगळी मापं लागू आहेत की. शिवाय डिझेल अ‍ॅम्बेसिडरचं इंजिनही १४८९ सीसीचंच होतं, भंगारवाल्याला "१४८९ चा रॉड" म्हटलं तर तो कुठला देईल याचा नेम नाही. स्वतःचा जुना रॉड हातात घेऊन जा आणि शेजारी ठेवून बघा.

---

सांगलीची_मार्कटू:

अपडेट देतो, तीन आठवडे लागले त्याबद्दल माफी, मधे गणपती होते.

मिरजेत एका ओळखीच्या टूल रूममध्ये बोअर गेज आणि सरफेस प्लेट दोन्ही मिळालं, रविवारी सकाळी बसून चारही मोजले. ३ नंबर तर मोजायचीच गरज नव्हती, तरी मोजला, काटा एक फेरा मारून पुढे गेला. ४ नंबर गोल, अर्ध्या थाऊच्या आत, वाक पिळ काहीच नाही. २ नंबर सरळ आहे पण भोक जोडाच्या काटकोनात साडेतीन थाऊ लहान, म्हणजे काका म्हणाले तसंच, कुणीतरी घासून थांबलेलं. आणि १ नंबर, ज्याच्यावर मला काहीच शंका नव्हती, तो गोल आहे पण सहा इंचाला चार थाऊ पिळलेला!!

मग पिस्टनची पाठ बघितली. १ नंबरच्या स्कर्टवर तिरपे घासल्याचे डाग स्पष्ट आहेत, एका बाजूला रिंगांच्या जवळ आणि दुसऱ्या बाजूला अगदी खाली. म्हणजे मी नाही केलं, तो आधीपासूनच पिळलेला होता, चांदीवाल्या मिस्त्रीनंच रॉड व्हाइसमध्ये धरून पिन आवळली असणार. वडील म्हणाले आता कळलं गाडी तेल का प्यायची.

आता १ नंबरचं काय, चार थाऊ हातानं सरळ करता येतो का?

---

उद्यमनगरचा_लेथवाला:

येतो. आम्ही ऑइल इंजिनाचे शेकड्यानं केलेत. जिगवर धरायचा, उलट्या बाजूला जरा जास्त पिळायचा आणि परत आणायचा, म्हणजे तो स्प्रिंगसारखा मागं जात नाही. थंडच, गरम अजिबात करायचा नाही. चार थाऊ काही मोठी गोष्ट नाही.

---

बर्मिंगहॅमहून_जोशी:

काका, मान ठेवून म्हणतो, मला हे पटत नाही. ऑइल इंजिन साडेसहाशे आरपीएमला फिरतं, ही गाडी हायवेवर साडेतीन हजारला फिरणार. झटक्याचा जोर आरपीएमच्या वर्गानं वाढतो, पाचपट आरपीएम म्हणजे पंचवीसपट. शिवाय आता तो रॉड एकदा पिळला गेलाय, आपण उलटा पिळणार, म्हणजे त्याच जागी दोनदा. दुसरा मिळत असताना कशाला.

---

उद्यमनगरचा_लेथवाला:

पंचवीसपट म्हणताय पण ऑइल इंजिनाचा पिस्टन उचलून बघितलाय का कधी? एका हातात मावत नाही. वजनाचं पण धरा की. असो. मी केलेले रॉड तुटल्याची तक्रार घेऊन कुणी आलेलं मला आठवत नाही. पण दुसरा मिळत असेल तर दुसराच घाल, हे मी पण म्हणेन, मिळत नसेल तर मी सांगितलं तसं. त्या काळात मिळत नव्हतं म्हणूनच आम्ही सरळ करत होतो, हौस नव्हती.

---

सांगलीची_मार्कटू:

मिळाले! कवठेमहांकाळच्या बाजूला एका वीटभट्टीवर मार्क टूचं इंजिन पडलं होतं, त्याचा ब्लॉक फुटलेला, कुणीतरी त्याच्यावर पाण्याचा पंप चालवत होतं. चार रॉड घेऊन आलो. माझा ३ नंबर पिशवीत घेऊन गेलो होतो, तो शेजारी ठेवूनच ओळख पटवली, भट्टीवाला म्हणाला असला वाकडा नमुना दाखवून सरळ माल मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलंय.

त्यातले १ आणि ३ दोन्ही सरळ निघाले, एक थाऊच्या आत. म्हणजे माझे १ आणि ३ बाद, त्यांचे १ आणि ३ घेतले, आणि माझे २ आणि ४ ठेवले. जोशी साहेबांनी ते जोड्यांचं सांगितलं नसतं तर मी चार रॉड आहेत म्हणून कुठलाही कुठेही घातला असता.

भेगा तपासायला तीन डब्यांचा स्प्रे आणला, एक धुवायचा, एक लाल, एक पांढरा. पण त्याच्या आधी काकांनी फोनवर सांगितलेली जुनी पद्धत केली, रात्रभर रॉकेलमध्ये ठेवले, सकाळी कोरडे पुसले आणि खडू घासला, भेग असेल तिथे खडू ओला होतो. वीटभट्टीच्या ४ नंबरला बोल्टच्या खांद्यापाशी केसाएवढी ओली रेघ आली, नंतर लाल स्प्रेनंही तिथेच लाल रेघ दाखवली. तो मला लागणार नव्हताच, पण अंगावर काटा आला. आणखी एक, रॉड दोरीला टांगून छोट्या हातोडीनं वाजवला की चांगला रॉड घंटेसारखा वाजतो, तो ४ नंबर मात्र थप्प वाजला. हा खेळ माझ्या मुलीनं इतका खेळला की शेजारचे विचारायला आले.

होनिंग कोल्हापूरला करून घेतलं, काकांनी सांगितलेल्या दुकानात. २ नंबरच्या कॅपचं तोंड एक थाऊ चाटून सपाट केलं, मग होन. आलेले १ आणि ३ पण हलके होन केले. प्रत्येक रॉडवर आणि कॅपवर नंबर आधीपासून होते, फक्त २ नंबरचा कानशीखाली अर्धा गेला होता, तो मी जोडाच्या लगत नाही तर बाजूच्या जाड भागावर हलका ठोकून घेतला.

आता वजन. किचनच्या काट्यावर सगळ्यात जड आणि सगळ्यात हलका यात ९ ग्रॅम फरक येतोय. काढू का?

---

बर्मिंगहॅमहून_जोशी:

जेमतेम ५० हॉर्सपॉवरचं इंजिन आहे, ९ ग्रॅमनं काही आभाळ कोसळत नाही, पण हातात आहेच तर कॅपच्या खालच्या गड्ड्यावरून काढा, तो त्याच्यासाठीच ठेवलेला असतो. रॉडच्या दांडीला ग्राइंडर लावू नका. दांडीवर काही करायचंच असेल तर खरखरीत कडा लांबीच्या दिशेनं गुळगुळीत करा, आडवा ओरखडा एकही ठेवू नका, भेग तिथूनच सुरू होते. आरशासारखं पॉलिश वगैरे रेसवाल्यांना करू दे.

---

उद्यमनगरचा_लेथवाला:

जोशींशी सहमत, यावेळी. बसवताना प्लास्टीगेज (फट मोजायची मऊ तार) घाल, जर्नलच्या दर इंचाला एक थाऊ हा जुना हिशोब, तुझं दीड ते दोन थाऊ यायला पाहिजे. आवळल्यावर रॉड जर्नलवर हातानं डावीउजवीकडे सरकला पाहिजे, टक टक असा. नाही सरकला तर शेलची जीभ चुकीच्या खाचेत आहे किंवा कॅप उलटी.

---

सांगलीची_मार्कटू:

झालं एकदाचं. प्लास्टीगेज चारही ठिकाणी दीड ते पावणेदोन. चारही सरकतात, टक टक. पिना जोशी साहेबांच्या पद्धतीनं आवळल्या, प्लग मीच लेथवर पितळेचे करून घेतले, पिन पिस्टनमध्ये अंगठ्याच्या जोरानं जाते तशी गेली. लॉक पट्ट्या बर्मिंगहॅमहून साहेबांनी त्यांच्या भाच्याबरोबर पाठवल्या, पैसे घेत नाहीत, भाच्याकडे भडंगाचे चार पुडे दिलेत.

काल प्लग न लावता पंधरा सेकंद सेल मारला, तेलाच्या दाबाचं मेकॅनिकल गेज लावलंय, काटा उठला. चुलतभाऊ शेजारीच उभा होता, त्याला आता प्लग काढायचं महत्त्व कळलंय. रेडिएटर अजून कोअर करून यायचाय त्यामुळे चालू करायला आठवडा जाईल.

जुना १ आणि ३ भंगारात टाकू का ठेवू?

---

उद्यमनगरचा_लेथवाला:

टाकू नको. माझा नातू डिप्लोमाला आहे, त्याच्या वर्गात जिगवर दाखवायला सरळ रॉडच आहेत सगळे, वाकडा एक पण नाही. कुरिअर नको करूस, सोमवारी मी मिरजेला दवाखान्यात येतोय, स्टँडवर आणून दे.

---

सांगलीची_मार्कटू:

आणतो काका. अकरा वाजता, रसवंतीपाशी.